रेट पडतो म्हणून?

‘गल्लीत गंजकी गाडी उभी असली की फ्लॅटला चांगलं गिऱ्हाईक येत नाही.’ सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत हे वाक्य आता इतक्या खात्रीने उच्चारलं जातं, की त्यावर पुरावा मागायची कुणाची छाती होत नाही. त्यामागोमाग येणारी मागणीही ठरलेली असते. नियम कडक करा. पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर दिसली की उचला, धूळ साचलेली दिसली की उचला, पत्रा सडलेला दिसला की उचला. आजूबाजूच्या मालमत्तेचा भाव टिकवणं हे महापालिकेचं कामच आहे, असं या मंडळींनी गृहीत धरलेलं असतं.

माझा वाद भंगार गाडी हलवण्याशी नाही. ती हललीच पाहिजे. तिच्या टायरमध्ये, उघड्या बॉनेटखाली आणि सडलेल्या टपावर पावसाचं पाणी साचतं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. अग्निशमन दलाचा बंब गल्लीत वळत नाही. पदपथ अडला की काठी टेकत चालणारा माणूस रस्त्याच्या मधोमध येतो. पुण्यात सम-विषम तारखांना पार्किंगची बाजू बदलते. या गाड्यांना तारीख कळत नाही. यातलं एकेक कारण गाडी उचलायला पुरेसं आहे. मग या सगळ्यांना मागे सारून फ्लॅटचा रेट पुढे का येतो? आणि तो पुढे आला की नेमकी कुणाची गाडी उचलली जाते?

आधी कायद्याचं बघू, कारण ‘नियमच नाहीत’ ही तक्रार खोटी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२७प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेली, अथवा नुसती विनादेखरेख उभी असलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो किंवा तिला जॅमर लावायला सांगू शकतो. खर्च मालकाच्या माथी. मोडकी, जळकी, अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर ती ताबडतोब हलवता येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९मधली २३० आणि २३१ ही कलमं रस्त्यावर वस्तू टाकून ठेवायला मनाई करतात आणि टाकलेली वस्तू नोटिशीविना काढण्याचा अधिकार आयुक्तांना देतात. मुंबईत हेच काम १८८८च्या कायद्यातल्या कलम ३१४वर चालतं.

आता त्या दहा तासांचा हिशेब मांडा. रात्री साडेआठला कामावरून येऊन फाटकाबाहेर लावलेली गाडी सकाळी साडेसातला काढली, तर अकरा तास झाले. म्हणजे कायदा अक्षरशः वाचला तर आपल्या शहरांत रात्री रस्त्यावर गाडी लावणारा जवळपास प्रत्येक जण या कलमात सापडतो. सभेत कडक नियमांची मागणी करणारेही. एवढं रुंद जाळं असलेला कायदा सगळ्यांना कधीच लागू होत नसतो. तो निवडून लागू होतो. निवड कशावर करायची, हा सगळ्या वादाचा गाभा आहे. ‘अडथळा’ हा निकष धरला तर टेप घेऊन रस्ता मोजावा लागतो. ‘रेट’ हा निकष धरला की नुसतं बघून भागतं. कर्मचाऱ्याच्या डोळ्याला जे ओंगळ दिसेल ते उचलायचं.

रेट खरंच पडतो का, हा प्रश्न मात्र सोडता कामा नये, कारण सगळी इमारत त्या पायावर उभी केली आहे. नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी मूल्यदर तक्ते काढतो. आपण त्यांना रेडीरेकनर म्हणतो. त्यात विभाग असतो, बांधकामाचा प्रकार असतो, इमारतीचं वय असतं, वरच्या मजल्यांचा हिशेब असतो. फाटकासमोर उभ्या ओम्नीचा रकाना त्यात नाही. ते सरकारी कागद झाले, बाजार वेगळा चालतो, असं कुणी म्हणेल. बरं, बाजारात घर घेणारा काय विचारतो? पाणी महापालिकेचं की टँकरचं, भोगवटा पत्र मिळालंय का, पार्किंग नावावर आहे का, मेट्रो किती लांब, समोरचा रस्ता किती मीटर रुंद आणि पुनर्विकासात किती मिळेल. सदाशिव पेठेत वाड्याच्या बोळात स्कूटर सडत पडल्या म्हणून तिथला भाव पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गिरगावातही नाही.

एक गंमत सांगायलाच हवी. मुंबईत २०१० सालापासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारतात आणि ते मूल्य रेडीरेकनरशी जोडलेलं आहे. समोरच्या भंगारामुळे घराचं मूल्य खरोखर घसरलं असेल, तर ‘आमचं मूल्य कमी धरा आणि कर कमी करा’ अशा अर्जांची रीघ लागायला हवी. हा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात उभा राहिलेला माणूस मला अजून दिसायचा आहे. भाव पडल्याची जाणीव फक्त दुसऱ्याच्या गाडीकडे बघताना होते.

हा युक्तिवाद मुळात आपल्या मातीतला नाही, आणि तो जिथून आला तिथली जमीनच वेगळी आहे. अमेरिकेच्या उपनगरात घर सुटं असतं, पुढे हिरवळ, हिरवळीला कुंपण नाही. तिथली भंगार गाडी बहुतेक वेळा मालकाच्या स्वतःच्या अंगणात उभी असते. रस्ता अडत नाही, शेजाऱ्याची वाट अडत नाही; अडते ती नजर. घराची किंमत ठरवताना आजूबाजूच्या घरांच्या विक्रीकडे बघायची तिथे रीत आहे, म्हणून एकाच्या अंगणातलं लोखंड दुसऱ्याच्या किमतीत शिरतं, हा तर्क तिथे निदान उभा तरी राहतो. अनेक गावांचे स्थानिक नियम त्यातूनच झाले: न चालणारी किंवा नोंदणी संपलेली गाडी स्वतःच्या जागेतही उघड्यावर ठेवायची नाही, गॅरेजमध्ये किंवा कुंपणाआड ठेवली तर चालेल. म्हणजे ज्याला गॅरेज परवडतं त्याचं भंगार कायदेशीर आणि ज्याला परवडत नाही त्याचं उपद्रवी. १९६५ साली लिंडन जॉन्सन अध्यक्ष असताना महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा झाला, त्यानेही हेच केलं. महामार्गापासून हजार फुटांच्या आतली भंगार-आवारं नजरेआड करा किंवा हलवा, असं सांगितलं. भंगार तेवढंच राहिलं, फक्त मोटारीतून जाणाऱ्यांना दिसेनासं झालं.

आपल्याकडची गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी असते. तो रस्ता शेजारच्या फ्लॅटवाल्याच्या किमतीचा भाग नव्हे. तो भाजी घेऊन जाणाऱ्या बाईचा, सायकलवरच्या पोराचा, कचऱ्याच्या गाडीचाही आहे. तिथली मागणी ‘माझ्या मालमत्तेला झळ लागते’ म्हणून करायची, म्हणजे रस्त्यावर आधी आपली मालकी गृहीत धरायची.

अमेरिकेचा विषय निघाला की दुसरं अस्त्र बाहेर येतं: फुटक्या खिडकीचा सिद्धांत. एक खिडकी फुटकी ठेवली की सगळा मोहल्ला बिघडतो, एक गाडी सडू दिली की गुन्हेगार येतात. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा हा लेख मार्च १९८२मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात आला आणि त्यात पुरावा म्हणून एका बेवारस गाडीचीच गोष्ट होती. १९६९च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी नंबरप्लेट काढून, बॉनेट उघडं ठेवून एक गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आणि दुसरी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत उभी केली. ब्राँक्समधली दहा मिनिटांत लुटायला सुरुवात झाली. पहिले आले ते आई, बाप आणि लहान मुलगा, त्यांनी रेडिएटर आणि बॅटरी नेली. चोवीस तासांत गाडीत किमतीचं काही उरलं नाही. पालो आल्टोतली आठवडाभराहून अधिक काळ तशीच उभी राहिली. मग झिंबार्डोंनी स्वतः घण घातला, आणि थोड्या वेळात लोकही सामील होऊन गाडी उलटीपालटी झाली.

ही गोष्ट सांगणारे दोन गोष्टी गाळतात. एक तर लेखातच लिहिलेली आहे: दोन्हीकडे मोडतोड करणारे मोठे लोक बहुतांशी नीटनेटक्या कपड्यांतले, सभ्य दिसणारे गोरे होते. दुसरी झिंबार्डोंच्या स्वतःच्या वृत्तांतात आहे: पालो आल्टोत पाऊस आला तेव्हा एका वाटसरूने इंजिन भिजू नये म्हणून गाडीचं बॉनेट खाली केलं, आणि नंतरचे घाव घालण्यात पुढे होते ते खुद्द प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी. संशोधकाने घण घेतल्यावर जे घडलं, त्यावरून ‘बेवारस गाडी आपोआप वस्ती बिघडवते’ असा निष्कर्ष काढायला मोठं धाडस लागतं. तरी हा सिद्धांत आपल्या सभांमध्ये वैज्ञानिक सत्य म्हणून फिरतो. आणि त्यातून काढलेला उपाय नेहमी दिसण्यावर बोट ठेवतो, नुकसानावर नाही.

दिसण्यावर बोट ठेवलं की काय होतं, ते कुठल्याही गल्लीत बघता येईल. चाकं बसलेली रिक्षा, पाटा तुटलेला छोटा टेम्पो, गॅरेजवाल्याकडे पार्टची वाट बघत पडलेली मारुती. यांना नोटीस लागते. पन्नास पावलांवर चंदेरी कव्हर घातलेली मोठी गाडी असते. मुलगा परदेशी, वडिलांना चालवता येत नाही, गणपतीत मुलगा आला तर लागेल म्हणून ठेवलेली. वर्षभर ती हलत नाही. तिच्याखालीही कचरा साठतो, कव्हरच्या खळग्यांत पाणी साचतं, ती तेवढीच जागा अडवते. पण ती ओंगळ दिसत नाही, आणि रेटवाल्यांच्या मते ती तर गल्लीची शोभा वाढवते. गॅरेजवाल्याला मी मोकळं सोडत नाही. पदपथावर चार गाड्या उघडून बसला असेल तर तो चुकतोच आहे. मात्र त्याला जी फूटपट्टी लावता ती कव्हरवाल्यालाही लावा.

जागेचाच हिशेब करायचा तर नीट करू. एका चारचाकीच्या पार्किंगला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. दोन गाड्या आणि वर थोडीशी जागा, एवढ्यात एक संसार. चालू असो वा बंद, चकचकीत असो वा गंजकी, रस्त्यावरची प्रत्येक गाडी ही एवढी जमीन भाड्याविना वापरते. २०१८ साली पुणे महापालिकेत रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावणारं धोरण आलं, तेव्हा असा गहजब झाला की ते मोजक्या पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मंजूर करावं लागलं, आणि तेही वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. सार्वजनिक जमिनीच्या किमतीचा विषय तेव्हा कुणाला सोसवला नाही. स्वतःच्या फ्लॅटची किंमत मात्र सार्वजनिक प्रश्न झाली.

गाडी रस्त्यावर सडते ती मालकाला सौंदर्यदृष्टी नाही म्हणून, असा एक समज आहे. कारणं बहुतेक वेळा कागदात असतात आणि त्यावर बोलायला कुणी तयार नसतं. बापाच्या नावावरची गाडी, बाप गेला. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, भावाबहिणींची ना-हरकत. भावाबहिणींचं पटत नाही. गाडी जिथे होती तिथे राहिली. दुसऱ्या गाडीवर कर्जाचा बोजा. कर्ज कधीचं फिटलं, पण फॉर्म ३५ भरून तो आरसीवरून उतरवलाच नाही, आणि कर्ज देणारी पतसंस्था आता बंद पडली. तिसरी तीन हातांतून गेलेली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पहिल्याने विकली, दुसऱ्याने तेच कोरे फॉर्म तिसऱ्याला दिले, आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं. महापालिका नोटीस काढते ती या पहिल्या माणसाच्या नावाने, ज्याला गाडीचा रंगही आठवत नाही. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, असं कलम ५५ सांगतं. हे कलम माहीत असलेला गाडीमालक मला दाखवा, मी त्याला चहा पाजेन.

पूर्वी अशा गाडीला एक वाट होती. भंगारवाला यायचा, घासाघीस व्हायची आणि गाडी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे किंवा पुण्यात कुठल्याशा आवारात सुटी व्हायची; तिचे आरसे, मीटर, दारं जुन्या बाजारात दिसायची. त्यात चोरीच्या गाड्याही जिरायच्या, हे खरंच. म्हणून २०२१मध्ये वाहन मोडीत काढण्याचं केंद्राचं धोरण आलं, नोंदणीकृत केंद्रांचे नियम आले, तिथे गाडी दिली की मिळणारं ठेव प्रमाणपत्र आलं आणि नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मोबदल्याचा अंदाज जाहीर झाला. पाठोपाठ २०२२च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,०००वर गेलं. धोरण वाईट नाही. पण त्या केंद्रातही नोंदणीचे कागद लागतात, बोजा उतरलेला लागतो, वारस सिद्ध व्हावा लागतो. ज्या कागदांअभावी गाडी रस्त्यावर अडकली तेच कागद दारात मागितले जातात. तिथवर न चालणारी गाडी नेण्याचं भाडं वेगळं. तेव्हा ती जागेवरच राहते.

या गाठी सोडवणारा नियम कुणी मागत नाही. सहा महिने जागची न हललेली कुठलीही गाडी, कव्हर असो वा नसो, नोंदणी अधिकाऱ्याकडे आपोआप कळवली जावी. वारसांचा वाद असेल तर गाडी मोडीत काढून पैसे वारसांच्या नावे जमा ठेवावेत. बंद पडलेल्या पतसंस्थेचा बोजा एका प्रतिज्ञापत्रावर उतरावा. केंद्राची उचलगाडी वॉर्डात ठरलेल्या वारी फिरावी. यात रेटचा शब्दही येत नाही, आणि रस्ता मोकळा होतो.

‘कारण काही का असेना, गाडी गेली ना, झालं!’ असं म्हणणारे समंजस लोक भेटतात. त्यांना माझं सांगणं इतकंच, की कारण बदललं की यादीचा क्रम बदलतो. अडथळा हे कारण असेल तर उचलगाडी आधी रुग्णालयाच्या आणि शाळेच्या गल्लीत जाईल, जिथे पदपथ दीड फुटाचा आहे. रेट हे कारण असेल तर ती आधी जिथे नवा टॉवर विक्रीला निघाला आहे तिथे जाईल, आणि तिथल्या गाड्या उचलून दोन रस्ते पलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी टाकल्या तरी कुणाची तक्रार येणार नाही. गाड्या संपल्या की तोच निकष कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी पोचतो, मग चहाच्या टपरीपाशी, मग संध्याकाळी भाजी मांडणाऱ्या बाईपाशी. त्यांनीही भाव पडतोच, फक्त पिशवी त्यांच्याकडूनच भरलेली असते.

राहता राहिलं ते आपल्या शहरांतलं सगळ्यात मोठं भंगार-आवार. ते कुठल्याही रिक्षावाल्याचं नाही. ते पोलीस ठाण्याचं आहे. अपघातातल्या, चोरीच्या, दारूबंदीच्या गुन्ह्यातल्या गाड्या मुद्देमाल म्हणून येतात आणि तिथेच त्यांच्यातून पिंपळ उगवतो. आवार भरलं की त्या बाहेर रस्त्यावर येतात, दोन-दोन रांगांत. १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलं, की जप्त गाड्या दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, जामीन-बंधपत्र घेऊन मालकाला द्या, कुणीच दावा केला नाही तर न्यायालयाच्या आदेशाने लिलाव करा. विमा कंपनी गाडी नेत नसेल तर विक्रीचा आदेश सहा महिन्यांत व्हावा, असंही त्यात आहे. निकालाला दोन दशकं उलटून गेली. कलम १२७ खाली ‘बेवारस’ ठरवण्याचा अधिकार ज्या गणवेशाला आहे, त्याच्याच दारातली ही रांग.

सोसायट्यांच्या निवेदनात या रांगेचा उल्लेख मी कधी वाचला नाही. ठाण्याशेजारच्या इमारतींचा भाव त्यांच्या मते पडत नसावा. कोणत्या ठाण्यात किती गाड्या आहेत, सगळ्यात जुनी कोणत्या सालची, किती प्रकरणांत लिलावासाठी न्यायालयाकडे अर्ज गेला, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे. गल्लीतल्या ओम्नीविरुद्ध सह्या गोळा करत फिरणाऱ्यांनी ते दहा रुपये आधी भरावेत.